परिचारिका आणि रुग्णसेवेचे सांधे

रुग्णालयाचा विषय डॉक्टरांनी मांडावा अशी आपल्याकडची रीत आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे, आणि वैद्यकातले जे काही थोडेफार आम्हांला कळते ते परिचारिकांच्या मागण्यांचे मसुदे तयार करताना त्यांच्याकडूनच, आणि त्यांनी हातात दिलेल्या पुस्तकांतून कळलेले आहे. या कामात एक प्रश्न आमच्यापुढे वारंवार आला. वाटाघाटीला बसले की व्यवस्थापनाचे गृहस्थ विचारतात : "तुमची परिचारिका एका पाळीत नेमके काय करते, ते मोजून दाखवा." इंजेक्शने मोजता येतात, ड्रेसिंग मोजता येते, लावलेल्या सलाईनच्या बाटल्या मोजता येतात. परंतु हे सारे मोजून संपले तरी तिच्या पाळीचा मोठा भाग शिल्लक उरतो आणि त्याला कागदावर नाव नसते. त्या बिननावाच्या कामाविषयी येथे लिहावयाचे आहे.

आजारी माणूस दाखल झाला की तो कोणा एकाच्या हाती राहत नाही. सकाळी तपासणारे मोठे डॉक्टर वेगळे, रात्री धावून येणारे निवासी डॉक्टर वेगळे. रक्त काढून नेणारा वेगळा आणि ते तपासणारा वेगळा. क्ष-किरण विभाग, रक्तपेढी, औषधभांडार, आहार ठरवणाऱ्या बाई, हातापायांचे व्यायाम करवून घेणारे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कागद पाहणारे आरोग्यमित्र, असा मोठा गोतावळा एका खाटेभोवती जमतो. यांतला प्रत्येकजण आपले काम चोख करतो असे आपण धरून चालू. तरीही ही सर्व कामे योग्य क्रमाने आणि योग्य वेळी एकाच देहावर व्हावी लागतात. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या मधुमेही माणसाला सकाळचे इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत दिले गेले, तर त्याची साखर एकाएकी उतरून तो बेशुद्ध पडेल. कागद उघडून पाहावे तर उपाशी ठेवणाऱ्याचे काम बरोबर आणि इन्सुलिन लिहिणाऱ्याचेही बरोबर! दोन बरोबर कामांच्या मध्ये माणूस चेंगरतो. त्या मधल्या जागेवर चोवीस तास उभा असणारा रुग्णालयात एकच वर्ग आहे, आणि तो परिचारिकांचा. डॉक्टर राऊंडला येतात आणि जातात. खाटेशी असते ती परिचारिका. (हल्ली अनेक वॉर्डांत पुरुषही हे काम करतात आणि त्यांना 'ब्रदर' म्हणतात. आम्ही सोयीसाठी 'ती' म्हणत आहोत, त्याचा कोणी राग मानू नये.)

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचे नाव निघाले की आपल्याला १८५४ सालची स्कुटारीची छावणी आणि हातातला दिवा आठवतो. आम्हांला त्या बाई दुसऱ्याच गोष्टीसाठी मोठ्या वाटतात. शुश्रूषेवरचे त्यांचे जे छोटे पुस्तक १८५९-६० च्या सुमारास निघाले, त्यात त्यांनी एक अख्खे प्रकरण बारीकसारीक व्यवस्थेला दिले आहे. त्याचा मथितार्थ असा की, आपण हजर असताना जे घडते ते आपल्या गैरहजेरीतही घडत राहील अशी तजवीज ज्याला करता येत नाही, त्याची हजेरी फारशी कामाची नाही. रुग्णसेवेतल्या समन्वयाचा सगळा विचार या एका मुद्द्यात बीजरूपाने आहे.

आता 'नोंदणीकृत' या शब्दाकडे वळू. पुष्कळांना तो सरकारी शिक्क्याइतकाच निर्जीव वाटतो. परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा जगात प्रथम न्यूझीलंडने १९०१ साली केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ साली झाला, मुंबई इलाख्यात १९३५ साली. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला, महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९६६ चा, आणि २०२३ साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. या सर्वांचे सार एवढेच की, ठरावीक शिक्षण पुरे करून परीक्षा दिलेल्या माणसाचेच नाव पटावर चढते, आणि कर्तव्यात कसूर झाली तर ते नाव पटावरून उतरू शकते. पटावरच्या परिचारिकेला "मला डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले" एवढे म्हणून सुटता येत नाही. मात्रा चुकीची दिसली तर ती देण्यापूर्वी विचारणे हे तिचे कर्तव्य ठरते. ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याला विचारण्याचा अधिकारही असला पाहिजे, हे कामगार चळवळीतल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे या धंद्याला प्रतिष्ठा मिळवून देणे सोपे नव्हते. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे केले आणि तेथून ससून रुग्णालयात मुलींना व विधवांना परिचर्येचे शिक्षण घेण्यास धाडले. परपुरुषाला हात लावावा लागतो म्हणून त्या काळी या कामाकडे घरंदाज माणसे नाक मुरडीत. आज नाक कोणी मुरडत नाही. पण "सिस्टर काय, सुया टोचतात" असे म्हणणारे बहुसंख्य आहेत, आणि आमच्या मते हेही एक प्रकारचे नाक मुरडणेच होय.

एक उदाहरण घेऊ. साठी उलटलेला एक शेतकरी आहे. त्याचे हृदय दुबळे झाले आहे. त्यामुळे अंगात पाणी साठते, पाय सुजतात आणि आडवे पडले की दम लागतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून १०८ क्रमांकाची गाडी त्याला जिल्हा रुग्णालयात आणते. तेथे तो प्रथम अपघात विभागात, मग अतिदक्षता विभागात, दोन दिवसांनी साध्या वॉर्डात आणि पाचव्या दिवशी घरी जातो. म्हणजे चार वेळा त्याची जागा बदलली. शिवाय रुग्णालयात दिवसाला तीन पाळ्या. पाच दिवसांत पंधरा वेळा त्याच्या परिचारिका बदलल्या. या एकोणीस सांध्यांपैकी प्रत्येक ठिकाणी त्याची हकीकत एका माणसाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जावी लागते. एकाही सांध्यात ती गळली तर काय होते ते पाहा. त्याला लघवी वाटे पाणी काढून टाकणारे औषध चालू आहे. ते औषध पाण्याबरोबर रक्तातले पोटॅशियमही बाहेर टाकते, आणि पोटॅशियम फार उतरले तर हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून सकाळी रक्त तपासायला धाडले. अहवाल रात्री आला, तोवर सकाळचे डॉक्टर घरी गेलेले. दुपारच्या सिस्टरने रात्रीच्या सिस्टरला "अहवाल यायचा आहे, आला की लगेच निवासी डॉक्टरांना दाखवा" असे सांगितले असेल तर औषध वेळीच बदलते. सांगितले नसेल तर तो कागद केसपेपरात सकाळपर्यंत पडून राहतो. येथे कोणी आळस केला नाही, कोणाला विद्या कमी नाही. न सांगितलेले एक वाक्य, एवढाच काय तो फरक.

गिरणीत पाळी बदलताना यंत्र चालू ठेवून एक माणूस बाजूला होतो आणि दुसरा उभा राहतो; सांच्यात काही बिघाड असेल तर जाणारा येणाऱ्याला सांगून जातो. रुग्णालयात हेच करायचे, परंतु येथे यंत्राच्या जागी बोलणारा, घाबरणारा, कधी काही लपवणाराही माणूस असतो. म्हणून हँडओव्हर टेबलाशी बसून न करता खाटेपाशी उभे राहून करावा, असे परिचर्येच्या शिक्षणात सांगतात. येणारी परिचारिका स्वतःच्या डोळ्यांनी सलाईनची बाटली पाहते, लघवीची पिशवी पाहते, सुई टोचलेली जागा लाल झाली आहे का ते पाहते आणि रुग्णाला नाव विचारते. सांगण्याचीही एक ठरीव पद्धत आता जगभर रूढ झाली आहे. ती मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून आली, हे वाचून आम्हांला गंमत वाटली. तिचे टप्पे चार : आत्ता काय घडते आहे, त्यामागची पार्श्वभूमी काय, माझ्या मते हे कशाचे लक्षण आहे, आणि मला काय व्हायला हवे आहे. आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत रात्रीची परिचारिका डॉक्टरांना फोनवर म्हणेल : "खाट क्रमांक बाराचा दम वाढला आहे. हृदय दुबळे असल्याचा रुग्ण, आजच अतिदक्षता विभागातून आला. सकाळपासून लघवी फार कमी आहे, अंगात पुन्हा पाणी साठते आहे असे मला वाटते. आपण लगेच येऊन पाहावे." यांतला तिसरा आणि चौथा टप्पा आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांत परिचारिकेने आपले मत द्यायचे आहे आणि मागणी करायची आहे. 'बाराला बरे वाटत नाही, सर' एवढेच बोलून थांबायचे, ही जी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, ती या पद्धतीने मोडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय प्रसिद्ध केले, त्यांत रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना करायचा संवाद हा एक स्वतंत्र उपाय धरला आहे आणि त्या वेळी औषधांची यादी पडताळणे हा दुसरा. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयाने तर शस्त्रक्रियेनंतर मूल अतिदक्षता विभागात कसे सोपवावे हे मोटारींच्या शर्यतीत चाके बदलणाऱ्या फेरारीच्या पथकाकडून शिकून घेतले. शिकण्यात कमीपणा कसला?

आमच्याकडे मात्र कित्येक वॉर्डांत पाळी बदलताना आधी काय मोजले जाते? कात्र्या, थर्मामीटर, चादरी, ऑक्सिजनचे सिलिंडर. वस्तू हरवली तर जाब परिचारिकेला विचारतात, त्यामुळे तिचाही जीव त्या नोंदवहीत अडकलेला असतो. चाळीस खाटांचा वॉर्ड असेल आणि प्रत्येक रुग्णामागे दोनच मिनिटे द्यायची म्हटली तरी ऐंशी मिनिटे लागतील. त्यांतली वीस चादरींनी खाल्ल्यावर माणसांच्या वाट्याला काय उरणार, याचा हिशेब वाचकांनीच करावा. वस्तूंची मोजदाद भांडारातल्या कारकुनाने करावी, ही मागणी आम्ही आजवर जितक्या वेळा मांडली तितक्या वेळा ती 'तत्त्वतः मान्य' झाली आहे.

सर्वांत कच्चा सांधा मात्र रुग्णालय आणि घर यांच्यामधला. डिस्चार्ज मिळाला की घरचे लोक आनंदात असतात, बिलाची किंवा योजनेच्या कागदांची धावपळ असते, गाडी खाली उभी असते. आणि अशा वेळी हातात एक कार्ड पडते. कार्ड इंग्रजीत, औषधांची नावे इंग्रजीत, मात्रा आकड्यांत. घरी औषध देणार कोण? बहुतेक वेळा बायको किंवा सून, आणि ती तर डिस्चार्जच्या दिवशी जनावरांच्या चारापाण्यासाठी गावीच थांबलेली असते. मग आमच्या शेतकऱ्याच्या घरी एक प्रकार घडतो. कोनाड्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या जुन्या गोळ्या असतात. जिल्ह्याहून नव्या आल्या. पाकिटावरची नावे निराळी, रंग निराळे, पण आतले औषध तेच. आपल्या देशात एकच औषध कितीतरी नावांनी विकले जाते. घरचे लोक दोन्ही गोळ्या इमानाने देतात, म्हणजे मात्रा दुप्पट होते. उलटही घडते : बरे वाटले, सूज उतरली, म्हणून सगळ्याच गोळ्या बंद होतात आणि महिन्याभरात तो माणूस पुन्हा त्याच अपघात विभागात येतो.

शिकलेली परिचारिका हा सांधा कसा सांधते? डिस्चार्जची तयारी ती दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करते. घरी कोण आहे, औषध कोण देणार, वजनाचा काटा घरी किंवा जवळपास आहे का, शौचाला लांब जावे लागते का, हे ती विचारून ठेवते. जुन्या गोळ्यांची पाकिटे घरून मागवते आणि नव्या यादीशी एक-एक करून ताडून पाहते. जी नको ती बाजूला काढायला लावते. मीठ कमी म्हणजे लोणचे, पापड आणि खारवलेली सुकी मासळीही कमी, हे घरच्या भाषेत सांगते. रोज सकाळी वजन करा आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर सूज दिसायची वाट न पाहता या, हे सांगते. मग म्हणते, "काकू, आता तुम्ही मला सांगा, उद्या सकाळी यांना काय काय द्यायचे?" काकू अडखळल्या की दोष काकूंचा न मानता पुन्हा समजावून सांगते. "समजले का?" या प्रश्नाला आपली माणसे भिडेपोटी नेहमीच "हो" म्हणतात, म्हणून तो प्रश्न निरुपयोगी. या सगळ्याला वीसेक मिनिटे लागतात आणि ती कोठेही मोजली जात नाहीत.

याचा उपयोग होतो का, हे मोजूनही पाहिलेले आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मेरी नेलर या परिचर्येच्या प्राध्यापिका. त्यांनी १९९९ साली ३६३ वृद्ध रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना नेहमीप्रमाणे घरी सोडले; निम्म्यांची तयारी अनुभवी, उच्चशिक्षित परिचारिकांनी रुग्णालयातच केली, नंतर त्या घरी जाऊन आल्या आणि फोनवर चौकशी करीत राहिल्या. चोवीस आठवड्यांत पहिल्या गटातले सुमारे ३७ टक्के लोक पुन्हा दाखल झाले, दुसऱ्यातले सुमारे २० टक्के. अमेरिकेची गोष्ट अमेरिकेला, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच देशात नवजात बाळासाठी हे तत्त्व मान्य झालेले आहे. रुग्णालयात बाळंतपण झाले तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावे अशी योजना २०११ पासून आहे. केरळने २००८ साली वेदनाशामक सेवेचे धोरण आखले आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी पंचायतीमार्फत परिचारिका जाऊ लागल्या. मग हृदय दुबळे असलेला म्हातारा शेतकरी घरी परतला, ही वार्ता त्याच्या गावच्या उपकेंद्रातल्या परिचारिकेला कोणी का कळवू नये? जिल्हा रुग्णालयातून एक फोन एवढाच याचा खर्च.

फोन होत नाही, कारण फोन करायला माणूस नाही. भोर समितीने १९४६ साली आपल्या अहवालात लिहिले तेव्हा देशात साधारण ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. तेथून आपण पुष्कळ पुढे आलो, हे कबूल केले पाहिजे. तरी भारतीय परिचर्या परिषदेचा जो दंडक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, तो रात्रीच्या पाळीत पाळला गेलेला आम्ही फार थोड्या ठिकाणी पाहिला. चाळीस-पन्नास रुग्णांमागे एक किंवा दोन सिस्टर हेच चित्र अधिक वेळा दिसले. अशा वेळी ती काय टाळते? इंजेक्शन टाळत नाही. ते लिहिलेले असते, त्याची सही लागते. टळते ते न लिहिलेले काम : काकूंशी बोलणे, यायच्या अहवालाची आठवण, जुन्या गोळ्यांची पडताळणी. लिंडा ऐकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास मांडला. शस्त्रक्रिया झालेले दोन लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. परिचारिकेवर सरासरीने एक रुग्ण अधिक पडला की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. कॅलिफोर्नियात परिचारिकांच्या संघटनेने वर्षानुवर्षे लढून १९९९ साली संख्येचा कायदा करवून घेतला; तो २००४ पासून अमलात आला आणि साध्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परवानाधारक परिचारिका हे प्रमाण २००५ पासून कायद्याने बंधनकारक झाले. आपल्याकडे संख्या हा अजून दंडक आहे, कायदा नाही.

पगाराविषयी थोडक्यात सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली खाजगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीकडे लक्ष वेधल्यावर केंद्राच्या समितीने शिफारस केली की, पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही दरमहा वीस हजारांपेक्षा कमी वेतन असू नये आणि दोनशेहून अधिक खाटा असतील तर ते सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे. केरळने २०१८ साली वीस हजारांचे किमान वेतन अधिसूचित केले, तेही संपानंतर. इतरत्र जे घडले ते वाचकांच्या शेजारीपाजारी एखादी स्टाफ नर्स असेल तिला विचारावे. कमी वेतनाचा परिणाम सांध्यावरच होतो, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. मुली टिकत नाहीत. दर सहा महिन्यांनी वॉर्डात नवा चेहरा येतो. काही ठिकाणी तर नोंदणी नसलेल्या मुलींना पांढरा पोशाख देऊन पाळीवर उभे करतात. इंजेक्शन त्या मुलीही देतील. परंतु रात्री दोन वाजता लघवी कमी झाली याचा अर्थ काय, हे तिला कोणी शिकवलेले नसते, आणि डॉक्टरांना उठवण्याचा धीर तिच्या अंगी कोठून यावा?

सगळे खापर संख्येवर फोडून भागणार नाही, हे आम्ही आमच्या सभांतही बोलतो. पुरेशा परिचारिका असूनही हँडओव्हर तोंडदेखला होणारे वॉर्ड आहेत. फोन केला म्हणून परिचारिकेवर खेकसणारे डॉक्टर आहेत. असे एकदा झाले की ती पुढच्या वेळी सकाळपर्यंत थांबते, आणि त्या थांबण्याची किंमत खाट क्रमांक बाराचा रुग्ण देतो. परिसेविका वॉर्डाची सूत्रे हाती असूनही दिवसभर हजेरीपट आणि मागणीपत्रे लिहीत बसते, हेही आम्ही पाहिले आहे. मात्र या गोष्टी शिस्तीने आणि समजुतीने सुधारता येतात. त्यासाठी आधी वेळ हवा.

म्हणून सध्या आमच्या मागणीपत्रात पगाराच्या कलमाच्या आधी एक लहानसे कलम आहे. दुपारी दोनला एक पाळी संपते आणि दोनलाच दुसरी सुरू होते, असे जेथे आहे तेथे दोन्ही पाळ्या अर्धा तास एकमेकींवर याव्यात, आणि तो अर्धा तास कामाचा वेळ म्हणून हजेरीपटावर लागावा. आज परिचारिका खाटेपाशी जो काही हँडओव्हर देतात तो स्वतःच्या घरच्या वेळातून देतात. शेवटची बस चुकवून देतात. व्यवस्थापनाने त्या अर्ध्या तासाचा खर्च काढायला सांगितला आहे. तो आम्ही काढून दिला, आणि सोबत महिन्याभरात पुन्हा दाखल झालेल्या रुग्णांच्या खाटांचा खर्च त्यांनी काढावा असे लिहून कळवले आहे. त्या पत्राचे उत्तर यायचे आहे.